थंड पाण्यातली उकळी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर, लाल वालुकाश्माच्या उभ्या कड्यांमध्ये पसरलेला एक प्रचंड जलाशय आहे. लेक पॉवेल हे त्याचे नाव. सप्टेंबरचा उत्तरार्ध उजाडला, की उन्हाळाभर येथे गर्दी करणारे सुटीचे प्रवासी परततात, घरासारख्या मोठ्या नौका धक्क्याला लागतात आणि पाण्यावर एक वेगळीच शांतता उतरते. अशाच एखाद्या सकाळी आरशासारख्या स्थिर पाण्याचा एक तुकडा अचानक खदखदू लागतो. बोटभर लांबीचे चंदेरी मासे जिवाच्या आकांताने हवेत उड्या घेतात, त्यांच्या मागोमाग मोठ्या शेपट्यांचे तडाखे ऐकू येतात, पांढरा फेस उसळतो. दूरवरच्या होडीतील गळवाले घाईघाईने इंजिन सुरू करतात. पुष्कळदा ते पोहोचेपर्यंत पाणी पुन्हा आरशासारखे झालेले असते.

इंग्रजीत या प्रकाराला 'बॉइल' म्हणजे उकळी असेच म्हणतात. स्ट्राइप्ड बास, किंवा लाडक्या नावाने 'स्ट्रायपर', हा अंगावर काळ्या आडव्या रेघा असलेला मासा 'शॅड' नावाच्या छोट्या माशांच्या थव्याला खालून घेरतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी कोंडतो. वर हवा, खाली शत्रू. शॅडला पळायला जागा उरत नाही. या उकळीच्या आशेने दर शरदात शेकडो मैलांवरून हौशी मासेमार येथे येतात. पाहणाऱ्याला हे सारे निसर्गाचे आदिम नाट्य वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. या नाट्यातील रंगमंच, शिकारी आणि शिकार यांपैकी एकही येथील नाही. प्रत्येकाला माणसाने आणून ठेवले आहे, आणि त्याचा हिशेब आता धरणाच्या खाली, ग्रँड कॅनियनमध्ये चुकवावा लागत आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवला पाहिजे. अमेरिकेत 'बास' म्हटले की गोड्या पाण्यातील लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे दोन मासे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतात. पहिल्याचा जबडा मोठा, दुसऱ्याचा त्या मानाने लहान. दोघेही दबा धरून शिकार करणारे. खडक, बुडालेली झुडपे, पाणवनस्पती यांच्या आडोशाने राहणारे. स्ट्रायपर हा नावाने बास असला तरी वेगळ्या कुळातला. तो मुळात अटलांटिक किनाऱ्यावरचा समुद्री मासा आहे. आपल्याकडील पाल्याप्रमाणे तो अंडी घालण्यापुरता नदीत शिरतो आणि पुन्हा खाऱ्या पाण्यात परततो. आडोशाला बसणे त्याच्या स्वभावात नाही. तो टोळीने हिंडतो, उघड्या पाण्यात शॅडच्या थव्यांचा पाठलाग करतो आणि सतत भुकेलेला असतो.

हा समुद्री मासा वाळवंटातल्या धरणात पोहोचला कसा, याची कथा रंजक आहे. १८७९ मध्ये न्यूजर्सीतील नेव्हसिंक नदीत पकडलेली स्ट्रायपरची पिल्ले पाण्याच्या पिंपांत घालून आगगाडीने खंडाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात नेण्यात आली. जेमतेम १३० च्या आसपास पिल्ले जिवंत पोहोचली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सोडली गेली. काही वर्षांनी आणखी एक खेप गेली. एवढ्याशा भांडवलावर वीस वर्षांच्या आत तेथील बाजारात वर्षाला दहा लाख पौंडांहून अधिक स्ट्रायपर विकला जाऊ लागला! पण ती खाडी होती, समुद्राशी जोडलेली. बंदिस्त गोड्या पाण्यात हा मासा पिढ्यान् पिढ्या टिकू शकतो, हे मात्र अपघातानेच कळले. साउथ कॅरोलिनात १९४० च्या दशकाच्या प्रारंभी सँटी आणि कूपर या नद्यांच्या पाण्यावर दोन जलाशय उभे राहिले. नदीत शिरलेले काही स्ट्रायपर तेथे अडकले. ते मरतील असे मानले जात होते. ते मेले नाहीत, उलट वाढले आणि वरच्या नद्यांत अंडीही घालू लागले.

येथे एक मोठी अडचण होती. स्ट्रायपरची अंडी पाण्यापेक्षा किंचित जड असतात. उबवण होण्यास साधारण दोन दिवस लागतात आणि तोपर्यंत ती वाहत्या पाण्यात तरंगत राहणे आवश्यक असते. प्रवाह थांबला की अंडी तळाशी बसतात आणि गाळात गुदमरतात. रोहू आणि कटल्याचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. हे मासे तळ्यात पोसले जातात. पण आपणहून तळ्यात वंश वाढवत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळेच डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात मस्तिष्क ग्रंथीचा अर्क टोचून हे मासे प्रजननास प्रवृत्त केले, तेव्हा भारतातील मत्स्यबीज उत्पादनाचा चेहराच बदलला. अमेरिकेत स्ट्रायपरच्या बाबतीत तेच काम १९६० च्या दशकात साउथ कॅरोलिनातील मॉन्क्स कॉर्नरच्या मत्स्यबीज केंद्रात संप्रेरकाच्या सुईने झाले. त्यानंतर बोटुकली हवी तितकी मिळू लागली आणि राज्यामागून राज्ये आपापल्या धरणांत स्ट्रायपर सोडू लागली.

लेक पॉवेल हे त्यांपैकी एक. कोलोरॅडो नदीवरील ७१० फूट उंचीच्या ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे मार्च १९६३ मध्ये बंद झाले. घळीत पाणी साठू लागले ते पूर्ण भरायला १९८० साल उजाडले. भरलेला असताना या जलाशयाची लांबी सुमारे १८६ मैल, म्हणजे तीनशे किलोमीटर होते. नदीच्या गढूळ, वेगवान पाण्याला सरावलेले स्थानिक मासे या संथ, नितळ पाण्यात टिकेनासे झाले. मग लार्जमाउथ आणला गेला. त्याला खाद्य हवे म्हणून १९६८ मध्ये शॅड आणला गेला. शॅड मधोमध उघड्या पाण्यात फिरू लागला आणि लार्जमाउथ मात्र काठ सोडेना, म्हणून उघड्या पाण्यातला शिकारी हवा असे ठरले. १९७४ मध्ये स्ट्रायपर आला. पुढे काठावरची बुडालेली झुडपे कुजून गेली, लार्जमाउथला आडोसा उरला नाही, तेव्हा नुसत्या खडकावरही सुखाने राहणारा स्मॉलमाउथ १९८२ मध्ये आणण्यात आला. एकाची उणीव भरायला दुसरा, दुसऱ्याची भरायला तिसरा, असा हा क्रम आहे.

स्ट्रायपर सोडताना जाणकारांचा हिशेब साधा होता. या जलाशयात त्याची अंडी तग धरणार नाहीत. तेव्हा जितकी बोटुकली सोडू तितकेच मासे राहतील. हिशेब चुकला. पॉवेलचे पाणी इतके खोल आणि नितळ आहे, की धरणाजवळच्या उघड्या पाण्यात घातलेली अंडी हळूहळू खाली जात असतानाच, तळाशी टेकण्यापूर्वी, फुटतात. १९८० च्या सुमारास ही गोष्ट लक्षात आली तोवर संख्या हाताबाहेर गेली होती. स्ट्रायपरनी शॅड जवळजवळ फस्त केला आणि मग ते स्वतः उपाशी राहू लागले. मोठे डोके आणि त्यामागे काठीसारखे वाळलेले शरीर, असे मासे गळाला लागू लागले. तेव्हापासून या जलाशयात एक चक्र चालू आहे. शॅड वाढतो, स्ट्रायपर माजतो, शॅड संपतो, स्ट्रायपर रोडावतो. युटाच्या वन्यजीव विभागाने स्ट्रायपर पकडण्यावर संख्येची मर्यादाच ठेवलेली नाही. पकडाल तितके न्या, परत सोडू नका, असा आग्रह हौशी मासेमारांना केला जातो. गमतीचा भाग असा, की २०१२ मध्ये जलाशयाच्या धरणाकडील भागातल्या स्ट्रायपरमध्ये पाऱ्याचे प्रमाण अधिक आढळल्याने ते बेताने खावेत, अशी सूचनाही आरोग्य यंत्रणांना द्यावी लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही उकळी शरदातच का फुटते?

त्याचे उत्तर पाण्याच्या थरांत आहे. उन्हाळ्यात सूर्य वरचे पाणी तापवतो. गरम पाणी हलके, थंड पाणी जड. त्यामुळे वरचा उबदार थर खालच्या थंड पाण्यावर तेलासारखा तरंगत राहतो. दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो. त्यात काही फुटांच्या अंतरात तापमान झपाट्याने उतरते. पोहणाऱ्याने खाली पाय सोडले तर हा फरक त्याला सहज जाणवतो. ऑगस्टमध्ये पॉवेलच्या पृष्ठभागाचे पाणी २६-२७ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. शॅडला हे पाणी मानवते. स्ट्रायपरच्या पिल्लांनाही ते चालते. वाढलेल्या स्ट्रायपरला मात्र ते सोसत नाही, त्याला वीस-बावीस अंशांखालचे पाणी हवे. म्हणजे अन्न माडीवर आणि खाणारा तळघरात! भूक असह्य झाली की मोठा मासा क्षणभर वर झेपावतो, मिळेल तो घास घेतो आणि पुन्हा खोल जातो. उन्हाळ्यातल्या उकळ्या म्हणूनच चिमुकल्या आणि क्षणजीवी असतात, आणि त्यांत बहुधा लहान मासेच असतात.

सप्टेंबर सरू लागतो. रात्री लांबतात, वाळवंटी हवा सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते. पृष्ठभागाचे पाणी थंड होते, जड होते आणि खाली बसते. त्याच्या जागी खालचे पाणी येते, तेही निवते. रोज रात्री थोडे थोडे असे होत वरच्या थराचा उबदारपणा ओसरतो आणि मधला पट्टा खाली खाली सरकतो. लहान जलाशयांत ही घुसळण शेवटी तळापर्यंत पोहोचते आणि सारे पाणी एकजीव होते. पॉवेल इतका खोल आहे, की धरणाजवळ ती तळापर्यंत क्वचितच जाते. पण गळवाल्याला तेवढ्याची गरजही नसते. पृष्ठभागाचे तापमान वीस अंशांच्या आसपास आले, की मोठ्या स्ट्रायपरच्या डोक्यावरचे छत नाहीसे होते. उन्हाळाभर उपाशी राहिलेल्या माशांपुढे उन्हाळाभर पोसलेला शॅड उभा असतो. शॅड उथळ पाण्याकडे, बाजूच्या अरुंद घळींच्या टोकाकडे पळतो. स्ट्रायपर मागोमाग जातो. ऑक्टोबरच्या त्या काही आठवड्यांत घळीच्या शेवटच्या वळणावर जे दिसते, ते या तापमानाच्या गणिताचे उत्तर होय.

टेनेसी, जॉर्जिया यांसारख्या आग्नेयेकडील राज्यांत हेच गणित अधिक क्रूर असते. तेथील जलाशयांत सेंद्रिय गाळ पुष्कळ. उन्हाळ्यात तळाशी तो कुजतो आणि खोल पाण्यातला प्राणवायू संपवतो. वरचे पाणी गरम, खालचे गुदमरवणारे. मोठा स्ट्रायपर मधल्या एका पातळ पट्टीत दाटीवाटीने जगतो. ओक रिज प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ चार्ल्स कूटंट यांनी १९८५ मध्ये या कोंडीची मांडणी केली, तेव्हा अनेक धरणांतील उन्हाळी मरतुकीचे कोडे उलगडले. अशा कोंडीतला मासा खोलातून ओढून काढला आणि उदारपणे परत सोडला, तरी तो बहुधा वाचत नाही. तेथे शरदाची वाट मासेमारापेक्षा मासाच अधिक आतुरतेने पाहत असावा.

उकळी साधण्याची रीत वर्णनाला सोपी, करायला कठीण. होडी थेट उकळीत घातली तर मासे तत्काळ बुडी मारतात. जाणते लोक बऱ्याच अंतरावर इंजिन बंद करतात, वाऱ्याच्या दिशेने होडी वाहत जाऊ देतात आणि पाण्यावर तरंगणारे, ओढताना पाणी उडवणारे कृत्रिम आमिष उकळीच्या पलीकडे फेकून तिच्यातून ओढत आणतात. उकळी विझली, तरी टोळी गेलेली नसते. ती फक्त खाली उतरलेली असते. अशा वेळी चमच्यासारखा चकाकणारा धातूचा तुकडा दोरीला बांधून सरळ खाली सोडतात आणि हिसके देत वर घेतात. होडीवरच्या ध्वनियंत्राच्या पडद्यावर मासे किती खोल आहेत ते दिसतेच. हे काहीच जमले नाही तर अँकोव्ही या समुद्री माशाचे तुकडे गळाला लावून कड्याच्या कडेला बसायचे. यात कौशल्य कमी, पण जेवणापुरते मासे हमखास, असे जुने लोक सांगतात.

स्मॉलमाउथ आणि लार्जमाउथ यांचा शरद वेगळा. ते टोळीने धावत नाहीत. पाणी निवू लागले, की स्मॉलमाउथ खडकांच्या ढिगाऱ्यांवर, पाण्यात उतरत जाणाऱ्या कपारींवर पोट भरताना दिसतो. शॅड मिळाला तर शॅड, नाहीतर चिंगाटीसारखा दिसणारा क्रेफिश. जसजशी थंडी वाढते, तसतसा तो एकेक पायरी खाली उतरतो. लार्जमाउथ बुडालेल्या झुडपांत असतो. पाणी उतरले, की उघड्या पडलेल्या काठावर काटेरी रशियन थिसल माजते, आणि पाणी पुन्हा चढले, की ती बुडून माशांचे घर बनते. तेही झुडूप परदेशीच, हे सांगायला नकोच. २०१३ मध्ये क्वागा नावाचे शिंपलेही येथे आढळले. तेव्हापासून बाहेर पडणारी प्रत्येक होडी रिकामी करून, कोरडी करूनच नेण्याची सक्ती आहे. धरणात एकदा शिरलेला पाहुणा परत जात नाही, हे उजनीतल्या चिलापीने महाराष्ट्रालाही दाखवले आहे.

या साऱ्या हौसेच्या बाजारात एक गोष्ट दीर्घकाळ गृहीत धरली गेली होती. धरणाच्या वर काहीही असो, ते वरच राहील. त्यामागे कारण होते. वीजनिर्मितीच्या बोगद्यांची तोंडे जलाशय पूर्ण भरलेला असताना पृष्ठभागापासून सुमारे २३० फूट खोल असतात. तेथे पाणी थंड, काळोखे. उबदार पाण्यातले मासे तिकडे फिरकतच नाहीत. खाली ग्रँड कॅनियनमध्ये जाणारे पाणीही त्यामुळे बारमाही आठ-नऊ अंशांचे असे. चुकून एखादा बास टर्बाइनमधून जिवंत सुटला, तरी त्या गारठ्यात त्याची वीण होणे अशक्य होते.

सन २००० पासून कोलोरॅडोच्या खोऱ्यात दुष्काळ सुरू झाला आणि तो हटला नाही. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट. २०२३ च्या वसंतात ती ३,५२० फुटांच्या आसपास आली. धरण भरू लागल्यानंतरची ही सर्वांत खालची पातळी होती. बोगद्यांच्या तोंडांवर आता २३० नव्हे, जेमतेम पन्नास फूट पाणी उरले. म्हणजे ज्या उबदार थरात स्मॉलमाउथ आणि स्ट्रायपर हिंडतात, तो थर टर्बाइनच्या दारात येऊन उभा राहिला. २०२२ च्या उन्हाळ्यात धरणातून बाहेर पडणारे पाणी वीस अंशांच्या पुढे गेले आणि त्याच जुलैमध्ये धरणाच्या काही मैल खाली, नदीच्या कडेच्या एका संथ डबक्यात, स्मॉलमाउथची इवलीशी पिल्ले सापडली. पिल्ले सापडली याचा अर्थ मासे नुसते खाली आले नव्हते, त्यांनी तेथे संसार थाटला होता.

त्या डबक्यापासून सुमारे पाऊणशे मैलांवर लिटल कोलोरॅडो ही उपनदी येऊन मिळते. तेथे हंपबॅक चब या माशाची जगातील सर्वांत मोठी वस्ती आहे. पाठीवर उंटासारखे मदार असलेला हा मासा कोलोरॅडोच्या खोऱ्याबाहेर कोठेही नाही. १९६७ मध्ये त्याची नोंद नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या प्राण्यांत झाली. धरणाच्या थंड पाण्याने त्याचे हाल केले होते, ते केवळ उपनदीच्या उबेवर तगले. दुष्काळाने नदीचे पाणी थोडे कोमट झाले, तेव्हा त्यांची संख्या वाढली, ते खालच्या भागांतही पसरले, आणि २०२१ मध्ये त्यांचा धोका एक पायरी खाली आणण्यात आला. ज्या कोमट पाण्याने चबला दिलासा दिला, त्याच पाण्याने वर्षभरात त्याच्या वैऱ्यालाही वाट करून दिली. वरच्या खोऱ्यातील उपनद्यांत स्मॉलमाउथने स्थानिक माशांची काय अवस्था केली, हे जीवशास्त्रज्ञांनी पाहिलेले होते. त्यामुळे धावपळ उडाली. डबक्याला जाळ्यांचा पडदा लावून त्यात रोटेनोन हे वनस्पतींच्या मुळांपासून मिळणारे मत्स्यविष २०२२ आणि २०२३ मध्ये घालण्यात आले. तेवढ्याने भागणारे नव्हते. नदी आहे, एका डबक्यावर थांबत नाही.

खरा उपाय पाणी थंड ठेवणे हाच होता, कारण सुमारे १६ अंशांखाली स्मॉलमाउथ घरटे करत नाही. धरणाला टर्बाइनच्या बोगद्यांखेरीज आणखी खोलवर चार नळ्या आहेत. त्यांतून तळचे गार पाणी सोडता येते; पण ते टर्बाइनला वळसा घालून जाते, म्हणजे तेवढी वीज बुडते. वीज घेणाऱ्या लहान गावांच्या आणि आदिवासी जमातींच्या संस्थांनी या तोट्याकडे बोट दाखवले, आणि ते चुकीचे नव्हते. त्यात २०२३ मधल्या मोठ्या विसर्गानंतर या नळ्यांच्या आतल्या पृष्ठभागाला इजा झाल्याचेही आढळले. तरीही जुलै २०२४ मध्ये धरण चालवणाऱ्या संघराज्य खात्याने नळ्या उघडल्या आणि टर्बाइनच्या कोमट पाण्यात तळचे गार पाणी मिसळून नदी १५.५ अंशांच्या आसपास ठेवण्याचा प्रयोग केला. तो नोव्हेंबरपर्यंत चालला.

त्या शरदात धरणाच्या दोन बाजूंना दोन प्रकारची माणसे पाण्याचे तापमान रोज मोजत होती. वरच्या बाजूला घळींच्या तोंडाशी होड्या उभ्या करून बसलेले गळवाले पृष्ठभाग वीस अंशांवर कधी येतो याची वाट पाहत होते. खालच्या बाजूला नदीचे पाणी १६ अंशांवर जाऊ नये, म्हणून अभियंते नळ्यांचे दरवाजे थोडे थोडे उघडत होते. दोन्हीकडे मासा एकाच धरणातला होता. त्या वर्षी खाली स्मॉलमाउथची नवी पिल्ले आढळली नाहीत. जलाशयाची पातळी २०२३ च्या भरघोस बर्फाने वर आली होती, ती पुढच्या वर्षांत पुन्हा उतरू लागली.